कॉर्क ओकच्या परागकणातून भ्रूण: पेशीत काय बदलते आणि ते कसे टिपायचे

परागकोश डिशमध्ये ठेवल्यापासून भ्रूण नुसत्या डोळ्यांना दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पण आतल्या पेशीने परागकण व्हायचे की भ्रूण, हे पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलेले असते. तंबाखू किंवा मोहरीवर काम करणाऱ्याला याची फारशी फिकीर नसते, कारण रोपे पुन्हा लावली की दोन महिन्यांत फुले हजर. ओक वर्षातून एकदा फुलतो. महिनाभर डिशकडे बघत बसलात आणि काहीच उगवले नाही, तर चूक कुठे झाली हे सांगणारा पुरावाही तोवर गेलेला असतो. म्हणून इथे संवर्धनाच्या पायऱ्यांइतकाच भर ठरलेल्या दिवशी परागकोश फोडून आतल्या पेशी मोजण्यावर आहे.

कॉर्क ओक, म्हणजे क्वेर्कस सुबेर, हे पोर्तुगाल, स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या इतर प्रदेशांतले झाड. बाटलीचे खरे बूच याच्या सालीचे. (पुण्यात पांढऱ्या फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड म्हणजे मिलिंग्टोनिया, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) पहिली साल काढायला झाड साधारण २५ वर्षांचे व्हावे लागते आणि पुढची प्रत्येक साल निदान ९ वर्षांनी. अशा झाडात पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करून शुद्ध वाण काढणे माणसाच्या आयुष्यात बसत नाही. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, ओकमध्ये १२. त्यातून रोप काढून संच दुप्पट केला की २४ गुणसूत्रांचे पूर्ण शुद्ध झाड एका फटक्यात मिळते. ही युक्ती मुळात भारतातली: दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशातून भ्रूण मिळाले. कॉर्क ओकसाठी ती बसवली स्पेनमधल्या संशोधकांनी, १९९० च्या दशकात. खालची पद्धत त्याच धाटणीची आहे.

कणिशे गोळा करणे आणि टप्पा ओळखणे

ओकची नरफुले लोंबत्या कणिशांवर येतात, वसंतात नव्या पालवीबरोबर. कणिशे अजून आखूड, घट्ट आणि हिरवी असताना काढा. पिवळी पडून लोंबू लागली की उशीर झाला. डहाळीसकट कापा, ओल्या टिपकागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ४ अंश सेल्सिअसला अंधारात आठवडाभर ठेवा. टिपकागद ओला हवा, पण पिशवीत पाणी साचता कामा नये. साचले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी दिसते आणि मग वरवरच्या निर्जंतुकीकरणाने ती जात नाही.

प्रयोगाचे यश सगळ्यात जास्त टप्प्यावर अवलंबून असते. अर्धसूत्री विभाजनानंतर चार मायक्रोस्पोअर, म्हणजे परागकणाच्या कोवळ्या एकपेशीय अवस्था, सुटे होतात. सुरुवातीला प्रत्येकाचे केंद्रक मधोमध असते. मग आत मोठी रिक्तिका फुगते आणि केंद्रकाला भिंतीपाशी ढकलते. यानंतर असमान विभाजन होऊन एक मोठी आणि एक चिमुकली पेशी बनते, आणि तिथून पुढे तो परागकण. आपल्याला हवा तो रिक्तिका पूर्ण फुगलेला, पण विभाजन अजून न झालेला मायक्रोस्पोअर. अलीकडचा तरुण कण उष्णतेत मरतो. पलीकडचा कण स्टार्च साठवायला लागलेला असतो आणि आपली वाट सोडत नाही.

तपासायचे असे. प्रत्येक कणिशातून देठाकडची, मधली आणि टोकाकडची अशी तीन फुले घ्या, कारण एका कणिशावरची सगळी फुले एका वयाची नसतात. परागकोश तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडच्या मिश्रणात बुडवा. घाईत तासाभराने पाहता येतात, पण २४ तास दिलेत तर पेशीद्रव स्वच्छ होतो. काचपट्टीवर दोन सुयांनी परागकोश फोडा, भिंतीचे तुकडे उचलून टाका, १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखे द्रव्य) घातलेल्या द्रावणात दर मिलीला १ मायक्रोग्रॅम डापी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) घेऊन त्याचा थेंब सोडा, आच्छादन काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोका आणि अर्धा तास अंधारात ठेवा. ट्रायटन टाळू नका. परागकणाचे बाहेरचे कवच, म्हणजे एक्झाइन, रंगाला आत शिरू देत नाही आणि मग केंद्रक नाही असा गैरसमज होतो.

योग्य कणात डापीखाली एकच निळे केंद्रक दिसते, कडेला चिकटलेले, किंचित चपटे. दोन केंद्रके दिसली, एक मोठे फिकट आणि दुसरे लहान झळझळीत, तर तो कण पुढे गेला. २०० कण मोजा. निदान ६० टक्के योग्य टप्प्यावर असतील तरच ते कणिश वापरा. कणिशाची लांबी आणि परागकोशाचा रंग प्रत्येक मोजणीसोबत लिहून ठेवा. दोन दिवसांत त्या झाडाचा ताळा बसतो आणि मग नुसत्या नजरेने निवड करता येते. पण हा ताळा त्या झाडापुरता आणि त्या वर्षापुरताच. शेजारच्या झाडाला तो लावू नका.

माध्यम, निर्जंतुकीकरण, उष्णता

माध्यमात सॉमर यांच्या सूत्रातले मुख्य क्षार, मुराशिगे-स्कूग या प्रचलित सूत्रातले सूक्ष्म क्षार आणि जीवनसत्त्वे. लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज, १० ग्रॅम सक्रिय कोळसा, ८ ग्रॅम अगार. सामू कोळसा घालण्याआधी ५.६ वर आणा. कोळसा घातल्यावर मीटरचा आकडा भटकतो. १२१ अंशांवर २० मिनिटे. ओतताना फ्लास्क सतत गोल फिरवत राहा, नाहीतर कोळसा तळाशी बसतो आणि पहिल्या डिश राखाडी, शेवटच्या काळ्याकुट्ट होतात.

यात एकही संप्रेरक नाही, आणि घालूही नका. ओकच्या परागकोशातून तपकिरी फिनॉल बाहेर पडतात आणि ती शोषून घ्यायला कोळसा आहे. तो संप्रेरकेही तितक्याच आनंदाने शोषतो, त्यामुळे नेमका किती डोस पेशीपर्यंत पोहोचला हे कधीच कळत नाही. शिवाय ऑक्सिन या संप्रेरकाच्या जोरावर परागकोशाची भिंत, जी मातृवृक्षाच्या द्विगुणित (दोन संचांच्या) पेशींची आहे, गाठी धरू लागते. त्या गाठीतून भ्रूण निघाला तर तो परागकणाचा नव्हे.

कणिशे ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, मग २ टक्के सक्रिय क्लोरीन असलेल्या हायपोक्लोराइटमध्ये, त्यात दोन थेंब ट्वीन-२०, १० ते १५ मिनिटे, आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. परागकोश जेमतेम मिलिमीटरभर असतो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने काढा आणि तंतू मागे सोडा. चिमट्यात दबलेला परागकोश बाजूला टाका. तो कडेने तपकिरी पडतो आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. ५ सेंटिमीटरच्या डिशमध्ये १० ते १२ परागकोश पुरेत.

आता उष्णता: ३३ अंश, ५ दिवस, अंधारात. मग २५ अंश, अंधारातच. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो तो इनक्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवल्याने. डिशच्या आतले तापमान त्याहून दीड-दोन अंशांनी वेगळे असू शकते. रिकाम्या डिशमध्ये अगार ओतून त्यात तापमापकाची तार खोचा आणि एक दिवस आधी नोंद घ्या. डिशची चळत लावू नका, मधल्या डिश उशिरा तापतात. तळाशी पाण्याचा ट्रे ठेवा, नाहीतर ५ दिवसांत अगार कडेने सुटतो.

नमुने कधी काढायचे

ठेवल्याचा दिवस (थंडीनंतर, उष्णतेआधी), मग दुसरा, पाचवा, आठवा, बारावा आणि विसावा दिवस. प्रत्येक वेळी दोन डिश मोडा. एकीतले परागकोश डापीसाठी, वर सांगितल्याप्रमाणे. दुसरीतले काप घेण्यासाठी: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, सामू ७.३, ४ अंशांवर रात्रभर. परागकोशाचे टोक आधी सुईने टोचा आणि १० मिनिटे हलकी निर्वात स्थिती द्या. हे केले नाही तर परागकोशाची भिंत उत्तम टिकते आणि आतले कण सडलेले निघतात. मग ३०, ५०, ७०, ९० आणि १०० टक्के अॅसिटोन, नंतर टेक्नोव्हिट ८१०० राळेत थंडीत साचा, २ मायक्रोमीटरचे काप. रंगवायला टोल्युइडिन ब्लू ०.१ टक्का, काही सेकंद. या कापांमध्येच पेशीची भाषा वाचता येते. डापी फक्त केंद्रके मोजते.

जिवंत किती उरले हे पाहायला फ्लुओरेसिन डायअॅसिटेट घ्या: अॅसिटोनमध्ये दर मिलीला ५ मिलिग्रॅमचा साठा, त्यातले १ ते २ मायक्रोलिटर दर मिली द्रव माध्यमात, पाच मिनिटे. जिवंत कण आतून भरीव हिरवा उजळतो. नुसती कड उजळली तर ती एक्झाइनची स्वतःची चमक आहे, जीवन नव्हे. हा फरक शिकायला एक डिश मुद्दाम उकळत्या पाण्यात मारून शेजारी ठेवा.

पहिल्या पाच दिवसांत आत काय घडते

दुसऱ्या दिवसाच्या डिशमध्ये बहुतेक कण आकसलेले, पेशीद्रव भिंतीपासून सुटलेला असे दिसतील. त्याने घाबरू नका. उष्णता आधी मारते, मग वळवते. बार्लीत असे दिसले आहे की ताणानंतर मायक्रोस्पोअरमध्ये स्वभक्षण (पेशीने स्वतःचेच भाग पचवणे) आणि नियोजित पेशीमृत्यू या दोन्ही यंत्रणा जाग्या होतात, आणि त्यांना औषधाने आवर घातला तर भ्रूणांची संख्या वाढते. म्हणजे ताण जितका जास्त तितका परिणाम चांगला, हे गणित चुकीचे आहे.

उरलेल्यांत पाहायचे ते हे. कण किंचित फुगतो. एकच मोठी रिक्तिका होती तिच्यातून पेशीद्रवाचे धागे आरपार जाऊ लागतात आणि तिचे तुकडे पडतात. या धाग्यांच्या जाळ्यात टांगलेले केंद्रक कडेहून मधोमध येते. टोल्युइडिन ब्लूच्या कापात हे अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते: मध्ये निळे केंद्रक, त्यात गडद, गोल, मोठी केंद्रिका, आणि तिथून भिंतीकडे गेलेले पातळ पट्टे. केंद्रिका मोठी होणे म्हणजे रायबोसोम बनवण्याचे काम जोरात सुरू होणे. पेशी विभाजनाची तयारी करते आहे. एकच केंद्रक मध्ये दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका. तरुण, उशिरा पिकणाऱ्या कणातही केंद्रक मध्येच असते. फरक रिक्तिकेत आहे. तरुण कणात धाग्यांचे जाळे नसते, पेशीद्रव सर्वत्र सारखा असतो.

नंतर पहिले विभाजन, आणि हीच खरी खूण. परागकणाच्या वाटेवरचे विभाजन असमान असते: चिमुकली जनन पेशी भिंतीला चिकटते आणि तिच्याभोवती वाटीसारखी वाकलेली भित्तिका बनते. भ्रूणाच्या वाटेवरचे विभाजन समान असते. दोन केंद्रके एकसारख्या आकाराची, एकसारख्या उजेडाची, आणि त्यांच्यामध्ये सरळ, पातळ भित्तिका, कणाला अर्ध्यावर कापणारी. डापीत भित्तिका दिसत नाही, म्हणून भित्तिका रंगवणाऱ्या कॅल्कोफ्लोरचा थेंब सोबत द्या. समान केंद्रके आहेत पण मध्ये भित्तिका नाही, तर तो कण वेगळ्या खात्यात लिहा. अशी केंद्रके कधीकधी एकमेकांत मिसळतात. पुढे आपोआप द्विगुणित झालेली रोपे मिळतात त्यांचा उगम बऱ्याचदा इथे असतो.

स्टार्चसाठी आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचा एक थेंब पुरे. परागकण होत चाललेले कण काळ्या-निळ्या दाण्यांनी भरतात, भ्रूणाच्या वाटेवरच्यांत जवळपास काही दिसत नाही. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण एकटीवर भिस्त ठेवू नका. मेलेल्या कणातही स्टार्च नसतो.

भित्तिका, पेक्टिन आणि आतले संकेत

हा भाग प्रतिपिंडे आणि चांगला मायक्रोस्कोप असेल तर करायचा. पेशीभित्तिकेतले पेक्टिन आधी मिथाइल गट लावलेले असते आणि मग विकरे तो गट काढून टाकतात. गट असलेले पेक्टिन लवचिक, भित्तिका ताणू देणारे. गट गेलेले पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाऊन ताठर होते. जेआयएम-७ हे प्रतिपिंड पहिल्याला चिकटते, जेआयएम-५ दुसऱ्याला. कॉर्क ओकच्या कापांत भ्रूणाच्या वाटेवरच्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशींच्या नव्या भित्तिका जेआयएम-७ ने उजळतात, आणि परागकणाच्या वाटेवर गेलेल्या पेशींत गट काढलेल्या पेक्टिनचे पारडे जड असते. तर्क सरळ आहे: ज्याला वाढायचे आहे त्याची भिंत मऊ हवी.

कापांवर ५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन १० मिनिटे, मग जेआयएम (प्राथमिक) प्रतिपिंड तासभर, धुवा, मग उंदराच्या प्रतिपिंडाविरुद्धचे हिरवे चमकणारे दुय्यम प्रतिपिंड अंधारात ४५ मिनिटे. इथे उंदीर म्हणजे रॅट. दोन्ही जेआयएम प्रतिपिंडे रॅटची आहेत, आणि सवयीने माउसचे दुय्यम प्रतिपिंड लावले तर दिवसभराचे काम अंधारात जाते. एक काप प्राथमिक प्रतिपिंडाशिवाय ठेवाच. एक्झाइन स्वतः इतके चमकते की त्या तुलनेशिवाय काही खरे नाही.

याच झाडात मॅप कायनेज गटातली संकेत प्रथिने विभागणाऱ्या पेशींत वाढलेली आणि केंद्रकात शिरलेली आढळली आहेत. डीएनएवरचे मिथाइल गट मोहरीवर्गातल्या रेपसीडमध्ये आणि बार्लीत भ्रूणाच्या सुरुवातीला कमी होतात आणि भ्रूण आकार घेऊ लागला की पुन्हा वाढतात. त्यावरून अॅझासायटिडीन हे मिथाइलीकरण रोखणारे रसायन दिले तर सुरुवात जोरात होते, पण ते माध्यमात तसेच राहिले तर भ्रूण पुढे सरकत नाहीत. ओकच्या परागकोशांवर करून पाहायचे असेल तर पहिले ४ दिवस द्या आणि मग परागकोश स्वच्छ माध्यमावर हलवा. कोळशाच्या माध्यमात ते देण्याला अर्थ नाही, कारण संप्रेरकांसारखे तेही कोळसा शोषून घेतो.

आठव्या दिवसानंतर

आता जुन्या एक्झाइनच्या आतच चार, सहा, आठ पेशींचे पुंजके दिसायला हवेत. बाहेरचे कवच तेच, म्हणजे कणाचा आकार फारसा बदललेला नाही आणि आत मात्र दाटीवाटी. मग कवच फाटते, बहुधा छिद्राच्या जागी, आणि पुंजका बाहेर पडतो. विसाव्या दिवसापासून परागकोशाच्या फटीतून पांढरट गोल टोके डोकावतात. ती आधी गोल, मग हृदयाकार, मग दोन जाड दलांची होतात.

मोजणी नेहमी टक्क्यांत लिहा आणि चार खाती ठेवा: मेलेले, परागकणाच्या वाटेवरचे, समान दोन केंद्रकांचे, बहुपेशीय. ही नोंद असेल तर निदान सोपे. पाचव्या दिवशी जवळजवळ सगळे मेलेले: तापमान जास्त किंवा कण तरुण. सगळे स्टार्चने भरलेले: कण जून होते किंवा उष्णता पुरेशी नव्हती. समान विभाजने भरपूर पण बाराव्या दिवशी बहुपेशीय नाहीत: ताण योग्य होता, माध्यम किंवा फिनॉल अडवत आहेत. परागकोश बारा दिवसांआधीच ताज्या डिशवर हलवा.

हे सगळे दुसऱ्या झाडाला जसेच्या तसे लावू नका. क्लेमेंटाइन संत्र्यात थंडीची पूर्वतयारी आणि संप्रेरकांनी भरलेले एन-६ माध्यम चालते, आणि तिथे परागकोशातून निघालेली बहुतेक रोपे तिप्पट संचाची निघतात, एकगुणित नव्हे. नागपुरी संत्र्यावर हे करू पाहणाऱ्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार मिळतात ही चैन आहे, पण संत्र्याच्या मातृपेशींनाही भ्रूण बनवण्याची खोड आहे, त्यामुळे उगमाची खात्री दुप्पट काळजीने करावी लागते.

उगम आणि संच तपासणे

केंद्रकातला डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरसाठी रोपाचे कोवळे पान, नखाएवढे, बफरमध्ये नव्या ब्लेडने चिरा, ३० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा, डापी. शेजारी मातृवृक्षाचे पान त्याच दिवशी चालवा. त्याचे शिखर २०० वर लावले तर एकगुणिताचे १०० वर यायला हवे. शिखर २०० वर आले तर दोन शक्यता उरतात: आपोआप दुप्पट झालेला परागकण, किंवा परागकोशाची भिंत. निवाडा सूक्ष्म-उपग्रह चिन्हकांनी, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटने होतो. मातृवृक्षात ज्या जागी दोन वेगळे अलील (डीएनएच्या त्याच जागेची दोन रूपे) आहेत अशा सात-आठ जागा निवडा. परागकणाचे रोप प्रत्येक जागी एकच अलील दाखवते. एका जागी जरी दोन्ही दिसले तरी ते भिंतीचे समजा.

एकगुणित भ्रूणाचा गुणसूत्र-संच दुप्पट करायला ओरायझॅलिन हे रसायन ०.०१ मिलिमोलर, ४८ तास. लिटरला हे जेमतेम ३.५ मिलिग्रॅम होते. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवा आणि तेवढेच डायमिथाइल सल्फॉक्साइड तुलनेच्या डिशमध्येही घाला. कोल्चिसिन वापरायचे तर १.३ मिलिमोलर लागते, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅमहून थोडे जास्त, आणि ते माणसालाही विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत. उपचारानंतर भ्रूण तीनदा धुऊन ताज्या माध्यमावर ठेवा. रुजवण्याआधी पिकलेल्या भ्रूणांना ४ अंशांवर दोन महिने अंधारात ठेवावे लागते. संचाची पुढची तपासणी रोपाला निदान चार पाने आल्यावर, दोन वेगवेगळ्या पानांवर करा, कारण अर्धवट दुप्पट झालेल्या रोपात एक पान १०० वर आणि दुसरे २०० वर येऊ शकते.